पाच भाकरींची उकळी

स्टोव्हवरच्या डब्यातल्या पाण्याला खळखळून उकळी फुटली की मावशी शेजारी पाट ओढून बसायच्या आणि हवेत भाकरी थापायला लागायच्या. पुढ्यात परात नाही, हाताला पीठ नाही. नुसते दोन तळवे, थपथप, थपथप. एक थापून झाली की ती तव्यावर टाकायच्या, वरून पाण्याचा हात फिरवायच्या, उलटायच्या, विस्तवापुढे उभी करून फुगवायच्या आणि मग दुसरी घ्यायच्या. पाचवी झाली की पदराने धरून डबा खाली उतरवायच्या नि म्हणायच्या, "घ्या बाई, शिजल्या सुया."

मी त्या आरोग्य केंद्रात नर्स म्हणून नवीनच रुजू झाले होते. पहिल्या दिवशी हा प्रकार पाहून मला हसावं की रागवावं कळेना. "अहो मावशी, हे काय खूळ घेतलंय डोक्यात?"

"खूळ न्हाई बाई. आदीच्या डाक्टरनं सांगितलंया, उकळी फुटल्यापासनं ईस मिंटं. माज्याकडं घड्याळ कुटलं? पर पाच भाकरीला येळ किती लागतो ते मला झोपंतबी कळतं."

मी मुद्दाम मनगटावरच्या घड्याळात वेळ लावली. एकवीस मिनिटं भरली. "एक मिनिट जास्त झालं तुमचं," मी म्हटलं.

"पाचवी जरा मोठी झाली," मावशी म्हणाल्या.

तुमच्याही पाहण्यात अशी एखादी मावशी आली असेलच. दवाखाना कुठलाही असो, डॉक्टर बदलतात, नर्स बदलते, ही मात्र तिथेच असते. तिचं नाव हजेरीपटावर असतं, कुणाच्या तोंडात नसतं. मीही इथे सांगत नाही. त्या असत्या तर "माजं नाव कशापायी घालताय" म्हणून माझ्यावरच डाफरल्या असत्या.

आमचं केंद्र सोनईहून नेवाशाकडे जाताना आडबाजूला होतं. तीन खोल्या, एक ओसरी, मागे मावशींची पत्र्याची खोली. मी मूळची संगमनेरची. जीभ तिखट आणि वय बावीस, म्हणजे दोन्हीकडून आगच. मावशी पंचेचाळिशीच्या, विधवा, एकच मुलगी, ती पुणतांब्याला दिलेली. काम म्हटलं तर झाडलोट, पाणी भरणं आणि सुया. पण खरं सांगायचं तर त्यांचा जीव होता तो सुयांत.

तेव्हा सुया आजच्यासारख्या टोचल्या आणि फेकल्या अशा नव्हत्या. काचेच्या दोन सिरिंजा आणि डझनभर सुया, त्यावर वर्षं काढायची. दिवस मावळला की मावशी एकेका सुईत बारीक तार घालून ती साफ करायच्या, बोथटलेली असेल तर धार लावायच्या दगडावर हलक्या हाताने घासायच्या, मग कापसाच्या बोळ्यावरून ओढून बघायच्या. टोकाला बारीकसा आकडा राहिला असेल तर कापसाचा धागा अडकतो. अडकला की पुन्हा दगड. सकाळी उकळल्यावर त्यातली एक चिमट्याने उचलून, एक डोळा मिटून, दाराच्या उजेडात धरायच्या. "आरपार हाय," म्हणायच्या. हे म्हटल्याशिवाय सुई माझ्या हाती येत नसे.

लोकांना तर सुईचं वेडच. डोकं दुखलं, सुई द्या. अन्न जात नाही, सुई द्या. गोळी दिली की तोंड वाकडं करून बघत. एकदा गावातले एक मोठे बागाईतदार जीप सुरूच ठेवून आत आले नि खुर्चीत न बसता दंड पुढे करून उभे राहिले. मावशी स्टोव्हजवळून उठल्याच नाहीत. "दादा, अजून दोन ऱ्हायल्यात," म्हणाल्या.

"दोन काय?"

"भाकरी."

दादांनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. गडी मुकाट्याने दोन भाकरी होईपर्यंत थांबला. मावशींची एवढी जरब होती. कुणीही घाई केली तरी त्यांची उकळी कधी कच्ची राहिली नाही. हे मी आज लिहून ठेवते आहे, कारण लिहायचं होतं तेव्हा लिहिलं नाही.

मग बहात्तरचा तो दुष्काळ आला. विहिरी तळाला गेल्या, जनावरं छावणीत गेली आणि माणसं खडी फोडायला. आमच्याकडून तीन-चार मैलांवर पाझर तलावाचं काम निघालं होतं. पूर्वेकडच्या गावांतली कुटुंबंच्या कुटुंबं तिथे पालं टाकून राहिली होती. पटकीची साथ आसपास फिरत होती, म्हणून कामावरच्या सगळ्या मोठ्या माणसांना लस टोचायची, असं वरून आलं. मुकादमाने आणखी आपलं शहाणपण लढवलं. टोचल्याशिवाय हजेरी मांडायची नाही, म्हणजे कुणी पळणार नाही.

पौषातली सकाळ. मी, मावशी, दोन सिरिंजा, डझनभर सुया, स्टोव्ह, बाटलीत रॉकेल, आणि मुकादमाने आमच्यासाठी राखून ठेवलेलं हंडाभर पाणी. टँकर दिवसाआड यायचा, तेव्हा हंडाभर म्हणजे चैनच. मावशी बारा सुया उकळायच्या, मी बारा माणसांना टोचायची, की पुन्हा सुया डब्यात. पुन्हा उकळी, पुन्हा पाच भाकरी. रांग उन्हात बसून. काम थांबलेलं, हजेरी लागलेली नाही. दुपारपर्यंत जेमतेम शे-सव्वाशे माणसं झाली आणि रांगेचं दुसरं टोक मला दिसत नव्हतं.

कमरेवर मूल घेतलेली एक बाई रांग मोडून पुढे आली. मुलाचे ओठ फुटलेले. ती हंड्याकडे बघून ओरडली, "आमच्या लेकरांना घोटभर पानी न्हाई आन तुमी सुयांना न्हाऊ घालताय व्हय!"

रांग हसली. ते हसणं काही चांगलं नव्हतं. मुकादम जवळ येऊन म्हणाला, "बाई, उरका आता. असं चाललं तर निम्म्यांचा दिवस बुडंल, मग मला धरतील."

मला लाजही वाटली आणि रागही आला, आणि दोन्ही मिळून डोक्यात गेलं. मी उठले, हंडा उचलला आणि त्या बाईच्या पुढे ठेवला. "घ्या, पाजा पोराला. मागच्यांनाही द्या." मग मावशींकडे वळून म्हणाले, "स्टोव्ह बंद करा. प्रत्येक सुईवर स्पिरिटचा बोळा फिरवा आणि द्या माझ्याकडे. चालतं तेवढं."

मावशींचे तळवे हवेत थांबले. "बाई, आत्ता कुटं तिसरी हाय."

"मी सांगते ना! नर्स कोण आहे, तुम्ही की मी?"

सगळ्या रांगेसमोर मी हे बोलले. मावशींनी माझ्याकडे एकवार पाहिलं आणि स्टोव्हची हवा सोडली. नंतर दिवसभर तेच. बोळा फिरवायचा, सुई द्यायची, बोळा फिरवायचा, सुई द्यायची. एकेका सुईखालून किती दंड गेले ते मी मोजलं नाही. दिवस मावळायच्या आत सगळी रांग टोचून झाली, सगळ्यांची हजेरी लागली. ते मूल घटाघटा पाणी प्यालं होतं, ते मला परतताना सारखं आठवत होतं. त्या दिवशी मला स्वतःबद्दल फार बरं वाटलं होतं, हे मी लपवणार नाही.

केंद्रावर आल्यावर मावशी सुया घेऊन बसल्या. राबणाऱ्या माणसांच्या निबर कातड्यांनी सगळ्या सुया बोथट केल्या होत्या. त्या एकेक दगडावर घासू लागल्या. आकडा राहिला का बघायला कापूस शोधला, तर कापूस सगळा रांगेत संपलेला. म्हणून त्यांनी सुईचं टोक डाव्या अंगठ्यावर ओढून पाहिलं. "आई गं," म्हणाल्या. अंगठ्यावर रक्ताचा थेंब आला होता. त्यांनी तो तोंडात घातला.

"टिंचर लावा," मी जेवता जेवता म्हटलं. तेवढंच.

शिमगा झाला. पाडव्याच्या सुमाराला मुकादमाचा निरोप आला की कामावर कावीळ आली आहे. मी गेले. एका पालात दोघं, पलीकडच्यात एक, असे करता करता अकरा जण सापडले. डोळे हळदीसारखे, अन्नाचा वास सहन होत नाही, अंग उचलत नाही. मी म्हटलं, पाणी. दुसरं काय असणार? घाण पाण्यावर सगळा दुष्काळ जगत होता. मी टँकरमध्ये पावडर टाकायला लावली, डबक्यावर काटे टाकून ते बंद केलं, पाणी उकळून प्या म्हणून घसा कोरडा केला. लोक म्हणाले, जाळायला काय, हाडं घालू का?

मावशी माझ्यामागे पालापालांतून फिरत होत्या. परतीच्या वाटेवर म्हणाल्या, "बाई, ही पान्याची कावीळ न्हाई."

"तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

"पान्याची असती तर पोरं आदी पडली असती. पोरांनी त्येच पानी पिलंय. एकबी पोरगं पिवळं न्हाई." त्यांनी मागे पालांकडे हात केला. "आन ज्ये पडल्यात, त्ये समदे आपल्या रांगंतले हायत. दुपारच्यातले. मी बोळं देत हुते, मला तोंडं ठावं हायत. सकाळच्यातलं एकबी मानूस न्हाई. सकाळच्या सुया शिजल्याल्या हुत्या."

मी वाटेतच उभी राहिले. पायाखालची जमीन सरकते म्हणतात, तसं काही झालं नाही. फक्त ती बाई, तो हंडा, ते पाणी पिणारं मूल, सगळं डोळ्यांपुढे आलं. पोरगं वाचलं होतं. लहानांना आम्ही टोचलं नव्हतं.

केंद्राचे डॉक्टर तरुण होते, नुकतेच शिकून आलेले. त्यांना मी मावशींचं म्हणणं सांगितलं, हंड्याचं सांगितलं नाही. त्यांनी जाडजूड पुस्तक काढलं आणि बराच वेळ वाचत बसले. मग आम्हां दोघींना बोलावून म्हणाले, "मावशींचं बरोबर आहे. काविळीची ही दुसरी जात. पाण्यातून नाही, रक्तातून रक्तात जाते. सुईच्या टोकाला डोळ्यांनी दिसणार नाही एवढं रक्त राहिलं तरी पुरतं. ज्याच्या रक्तात ती असते तो धडधाकट खडी फोडत असतो, त्याला स्वतःलाही पत्ता नसतो. आणि दिसायला लागते ती दोन-तीन महिन्यांनी."

"औषध?" मी विचारलं.

"नाही. विश्रांती, हलकं खाणं, पोटात जाईल ते. दारू अजिबात नको, तापल्या सळईचा डाग देऊ नका, पाला वाटून पाजू नका. बहुतेक माणसं आपोआप उठतात. काही उठत नाहीत." मग त्यांनी पुस्तक मिटलं. "पण हे व्हायला नको होतं. स्पिरिटला ती भीक घालत नाही, उकळीने मात्र मरते. सुया नीट उकळत होत्या ना त्या दिवशी?"

मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ सांगते, उघडलं होतं. पण माझ्या आधी मावशी बोलल्या.

"सुया उकळायचं काम माजं, साहेब. त्या दिशी लई घाई हुती. कच्च्या ऱ्हायल्या आसतील."

"मावशी!" डॉक्टर म्हणाले. पुढे काही बोलणार होते ते थांबले. "जरा वर बघा. पदर मागे घ्या."

आठ-दहा दिवस मावशी पदर कपाळावर ओढून वावरत होत्या. मी समजले होते, ऊन लागतं म्हणून. त्यांनी पदर मागे केला. डोळे पिवळेधमक होते.

बाहेर ओसरीवर आल्यावर मी त्यांचा दंड धरला. "का बोललात असं? कशाला अंगावर घेतलंत? मी आत्ता जाऊन सांगते."

"नका सांगू," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "तुमच्या आदी हितं दोन वर्सं नर्स न्हवती. त्या दोन वर्सांत माजी धाकली जाऊ बाळतपनात गेली, पोटातल्यासकट. तुमाला काढलं तर पुना कवा यायची दुसरी? सुया उकळायला कोनबी भेटंल."

आणि मी ऐकलं. तुम्ही म्हणाल, त्या मोठ्या मनाच्या. होत्याच. पण मी काही त्यांच्या शब्दाखातर गप्प बसले नाही. गप्प बसणं माझ्या सोयीचं होतं, म्हणून बसले.

डॉक्टरांनी मावशींना कामावरून बाजूला केलं आणि पडून राहायला सांगितलं. सुयांची गोष्ट मुकादमाला कळली, मुकादमाकडून पालांत गेली. तिसऱ्या दिवशी एक माणूस आला. त्याची बायको त्या अकरांतली. तो केंद्रात आलाच नाही, थेट मागे मावशींच्या खोलीच्या दारात उभा राहिला.

"जाळायला रॉकेल सरकारचं, पानी सरकारचं," तो म्हणाला, "तुला निसतं बसून उकळायला काय झालं हुतं गं? हात मोडलं हुतं? माजी बायकू आडवी पडलीया. दोन लेकरं हायत पदरात."

मी आत पेजेची वाटी घेऊन बसले होते. मावशींची मुलगी आईचं कळून आदल्याच दिवशी पुणतांब्याहून आली होती. ती उठून त्या माणसाच्या अंगावर धावून गेली असती, पण मावशींनी तिचं लुगडं धरलं.

"चुकलं बाबा," त्या म्हणाल्या. "तिला ऊठबस करू दिऊ नगंस. आन डाग दिऊ नगंस. तांदळाची पेज दे."

तो माणूस थुंकून गेला. मुलगी आईकडे वळली. "आई, खरं का गं? तू उकळल्या न्हाईस?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं नाही. तेवढंही त्यांनी मला ओशाळवाणं केलं नाही. "न्हाई उकळल्या," त्या म्हणाल्या.

मुलगी कोपऱ्यात जाऊन बसली. पेज माझ्या हातात गार झाली.

बाकीची माणसं हळूहळू सावरू लागली. कुणाला भूक लागू लागली, कुणाचे डोळे निवळले. त्या माणसाची बायकोही उठून बसू लागली. मावशींचं मात्र दिवसेंदिवस उलटंच. पाणी पोटात ठरेना, अंगाला खाज सुटली, डोळ्यांतली हळद कातडीवर उतरली. मी डॉक्टरांच्या मागे लागले. ते म्हणाले, करण्यासारखं आहे ते सगळं करतो आहोत. म्हणजे काहीच नाही.

आणि मग मी, सरकारी नर्स, लोकांना गंडेदोरे करू नका म्हणून ओरडणारी मी, मावशींना बैलगाडीत घालून शेजारच्या गावातल्या कावीळ उतरवणाऱ्याकडे घेऊन गेले. हसा पाहिजे तर. माणूस बुडायला लागला की काय धरेल याचा नेम नाही. मला त्या जगायला हव्या होत्या. त्यांच्यासाठी तर हव्याच होत्या, पण माझ्या गळ्यातलं हे लोढणं उतरायला त्यांनी बरं होणं एवढा एकच रस्ता मला दिसत होता.

त्या बाबाने मावशींच्या हातांना कसलासा पाला चोळला आणि वरून चुन्याची निवळी ओतली. पितळीत पिवळंजर्द पाणी उतरू लागलं. "बघा, निघाली कावीळ," तो म्हणाला. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

मावशी ते पाणी निरखत होत्या. त्यांना धड बसवत नव्हतं, मुलीने पाठीशी धरलं होतं. "बाई," त्या म्हणाल्या, "आता तुमचं हात धुवा."

"माझे कशाला?"

"धुवा तर."

मी हात पुढे केले. बाबा नाही म्हणायला लागला, पण मावशींनी स्वतःच तो पाला माझ्या हातांना चोळला आणि तांब्या कलता केला. पाणी पिवळंजर्द उतरलं. मला कावीळ नव्हती. मावशी हसल्या, कितीतरी दिवसांनी. "आरपार हाय बाई, समदं आरपार हाय," म्हणाल्या. "चला घरी."

दोन दिवसांनी त्या भलत्या वेळी झोपू लागल्या. दिवसाचं जागं करावं तर कुठे आहे ते सांगता येईना. डॉक्टरांनी जीप मिळवली आणि आम्ही त्यांना नगरला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी त्यांचे दोन्ही हात सरळ पुढे धरायला लावले. धरलेले पंजे मनगटातून खाली पडायचे नि वर यायचे, पडायचे नि वर यायचे. "यकृत गेलं की असे हात हलतात," ते मला बाजूला घेऊन म्हणाले. "आता आपल्या हातात काही नाही, सिस्टर."

असेल तसं. ते शिकलेले होते. पण हात खाटेवर ठेवल्यावरही मावशींचे तळवे हलत राहिले आणि मला ते बरोबर ओळखू आलं. थपथप, थपथप. मग जरा थांबायचे, मग उलटायचे. मी खाटेवर वाकले. "कितवी, मावशी?"

त्यांचे ओठ हलले. "चौती."

"होऊ द्या. घाई नाही," मी म्हटलं. "आज काही घाई नाही."

हे मी तेव्हा म्हटलं. पाचवी झाली का, ते मला माहीत नाही. मुलगी चहा आणायला गेली होती आणि मी डोळे पुसत होते, तेवढ्यात हात थांबले.

त्या काविळीला पुढे अक्षर मिळालं, ब. तिची लसही निघाली, जन्मलेल्या बाळाला चोवीस तासांच्या आत टोचतात. दवाखान्यात काम करणाऱ्यांनीही टोचून घ्यायची असते. सुया कागदात बंद येतात, एकदा वापरली की मोडून टाकायची. मी नोकरीत होते तोपर्यंत हाताखालच्या प्रत्येक पोरीला उभं करून लस घ्यायला लावली. त्या म्हणायच्या, बाई फार खवट आहेत. असू दे. कशाने खवट झाले, ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मावशींच्या दहाव्याला आम्ही नेवाशाला प्रवरेवर गेलो. नदी कसली, वाळूच. मधे एका झऱ्याला गुडघाभर पाणी. त्यांच्या दिराने पिंड ठेवला. मावशींच्या भावकीतली माणसं आली होती, मुकादम आला होता, पालांवरचे पाच-सहा जण आले होते, तो थुंकून गेलेला माणूसही. मी मनाशी घट्ट ठरवून आले होते. कावळा शिवणार नाही, याची मला खात्रीच होती. असलं लांछन डोक्यावर घेऊन गेलेल्या बाईच्या पिंडाला तो शिवेलच कसा? मग लोक एकेक जण पुढे होऊन बोलतील. मुलीला अंतर देणार नाही म्हणतील, खोलीतली भांडी तिलाच देऊ म्हणतील. तरी शिवणार नाही. मग मी पुढे होणार होते आणि सगळ्यांच्या देखत मोठ्याने सांगणार होते.

दीर चार पावलं मागे सरतो न सरतो तोच कावळा आला. एक नाही, सात-आठ. दुष्काळाचे कावळे, पाठीला पोट लागलेले. पिंडाचा दाणा शिल्लक ठेवला नाही.

"समाधान झालं बाईचं," कुणीतरी म्हणालं. "काय मागं ऱ्हायलं न्हाई तिचं." लोक उठले, अंगावरची वाळू झटकू लागले. मी पुढे झालेच नाही आणि खरं सांगते, क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. त्या वाटण्याची मला अजून किळस येते.

मुलगी झऱ्याशी बसून हात धूत होती. मी तिच्याजवळ गेले. आजूबाजूला कुणी नव्हतं. म्हटलं, "तुझी आई सुया उकळत होती. स्टोव्ह मी बंद करायला लावला. हंडा मीच लोकांना दिला. त्या नको म्हणत होत्या. एकदासुद्धा त्यांची उकळी कच्ची राहिली नाही, कधीच."

तिने हात धुवायचे थांबवले नाहीत. मला वाटलं, शिव्या देईल, लोकांना हाक मारेल, निदान रडेल. मी त्यातल्या कशालाही तयार होते. तिने पदर पिळला, उभी राहिली आणि मावशी सुईतून उजेड बघायच्या तशी माझ्याकडे बघत राहिली.

"आईला ऐकू येत हुतं तवा सांगायचं हुतं, बाई," ती म्हणाली.